फाटकावर बंदुका

सखारामचं डोकं फुटल्याची बातमी आप्पांनी आणली. ओसरीवर चढेपर्यंतही त्यांना दम नव्हता. अंगणातूनच त्यांनी ती सांगून टाकली. म्युनिसिपालिटीचा सखाराम सकाळी औषधाची बादली घेऊन खारवीवाड्यातल्या विहिरीवर गेला होता. तो विहिरीच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच दगड आला. बादली कलंडली, आणि सखारामला दोघांनी धरून दवाखान्यात नेलं.

"आणि आता ते इकडं निघायचेत," आप्पा म्हणाले. "ऊन उतरलं की. प्रेसिडेंटसाहेबांच्या घरी."

कमळा माजघराच्या दारात उभी होती. उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी तिच्या हातात होती, ती तिनं खाली ठेवली. 

शहरात पटकी सुरू झाल्यापासून या घरात कोणाला पोटभर झोप नव्हती. वैशाखात विहिरींनी तळ गाठला आणि पहिली माणसं दगावली ती बंदराकडे, होड्यांवर पोट भरणाऱ्या खारव्यांच्या वस्तीत. कमळाचे मधले दीर दत्तात्रेय मुळ्ये, म्हणजे भाऊजी, म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट. त्यांनी गावातल्या सगळ्या विहिरींत लाल औषध टाकायचा ठराव करून घेतला आणि सर्वांत आधी ते आपल्या घरच्या विहिरीत टाकलं. घरातल्या म्हाताऱ्या गोदूआत्यांनी दोन दिवस पाण्याला हात लावला नाही, भाऊजींनी त्यांना आगरातून शहाळी काढून दिली, पण औषध मागे घेतलं नाही. खारवीवाड्यातल्या विहिरीत औषध पडलं आणि त्याच दिवशी तिथली एक मुलगी गेली. मग दुसरी दोन माणसं गेली. तेव्हापासून वस्तीत उठलं होतं की ते औषध नव्हेच, विष आहे. सरकारला वस्ती उठवून तिथं गोदामं बांधायची आहेत.

औषध पडलं त्या दिवशी गेलेली ती मुलगी म्हणजे गंगा. कमळाच्या वर्गात होती.

श्याम गेल्यावर भाऊजींनीच कमळाला ट्रेनिंगला घातलं होतं आणि शहरातल्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळवून दिली होती. श्याम म्हणजे तिचा नवरा, तिघा भावांतला धाकटा. तीस साली मिठाच्या चळवळीत एका मिठागरावर पोलिसांनी गोळी चालवली, तिच्यात तो गेला. आता आठ वर्षं झाली. घरात त्याचं नाव कमळासमोर सहसा कोणी घेत नसे, आणि पोलिसांचंही नाही.

आज मात्र आप्पांनी पोलिसांचं नाव घेतलं. आप्पा म्हणजे हरिश्चंद्र, थोरले. मिरजोळ्याला त्यांची आंब्या-काजूची बाग होती, शहरात मान होता आणि फौजदारांशी ओळख होती. ते येताना फौजदारांना भेटूनच आले होते. हत्यारी पोलीस तयार आहेत, प्रेसिडेंटनी नुसता शब्द टाकायचा अवकाश, असं त्यांनी सांगितलं. तोवर भाऊजी आतून आले होते. त्यांनी आप्पांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शब्द मी टाकणार नाही."

आप्पांना हे उत्तर अपेक्षित असावं. ते ओसरीवरच्या बाकावर टेकले आणि समजुतीनं बोलू लागले. तीस सालची गोष्ट वेगळी होती, तेव्हा सरकार परक्यांचं होतं. आता मुंबईत आपले मंत्री बसलेत. ज्यांच्यासाठी दत्तू तुरुंगात गेला तेच राज्य चालवतायत. मग पोलीसही आपलेच झाले. आपल्या पोलिसांना आपल्या घरी बोलवायला लाज कसली?

"आपले झाले म्हणून गोळी मऊ होत नाही, आप्पा," भाऊजी म्हणाले.

मग ते बोलत राहिले, सभेत बोलत तसे नव्हे, खालच्या आवाजात. सरकार आपलं झालं हे ओळखायचं कशावरून? दारात शिपाई दिसला की गरिबाच्या पोटात गोळा येत नाही, यावरून. खारवीवाडा कधीपासून नळ मागतोय. म्युनिसिपालिटीनं बंदराच्या रस्त्याला दिवे लावले, वाण्यांच्या आळीला गटार बांधलं, खारव्यांच्या अर्जावर मात्र पुढच्या वर्षी बघू असा शेरा पडत गेला. त्यांतले दोन शेरे आपल्याच सहीचे आहेत, हेही त्यांनी सांगितलं. आजवर ज्यांच्या दारात सरकार फक्त पट्टी वसूल करायला गेलं, त्यांच्या विहिरीत ते एके दिवशी लाल पूड टाकतं; त्यांनी विश्वास का ठेवावा?

"माणसं जगवणं हा बंदोबस्त. ज्यांना जगवायचं त्यांच्यावरच नेम धरून उभं राहायचं, याला मी बंदोबस्त म्हणत नाही," ते म्हणाले. "ते आले तर मी फाटकात उभा राहून बोलेन."

आनंदीवहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. एरवी नवऱ्याच्या राजकारणाला त्या कपाळावर हात मारत. पण थोरल्या दिरांनी आपल्या नवऱ्याला चारचौघांत शिकवावं हे त्यांना कधी खपत नसे. त्या पटकन म्हणाल्या की हे म्हणतात तेच बरोबर, घरात पोलीस आले तर शहरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. गोदूआत्यांना पोलीसही नको होते आणि खारवीही. दोघांनीही फाटकाबाहेर राहावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग सगळे कमळाकडे पाहू लागले. ती काय बोलणार हे सर्वांना ठाऊक होतं. श्यामची बायको ती; पोलीस नकोत हे तिच्या तोंडून आलं की आप्पांना पुढे बोलता आलं नसतं. भाऊजींनी तर तिच्याकडे आधारासाठीच पाहिलं.

"बोलवा पोलीस," कमळा म्हणाली.

तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. भाऊजी एक पाऊल पुढे आले.

"तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणायला हवं. तुमच्यापैकी कोणाचं माणूस खाटेवरून घरी आलेलं नाही."

भाऊजी उठून आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी आनंदीवहिनींजवळ निरोप दिला की त्यांचं मत बदललेलं नाही.

आप्पा निघाले तेव्हा कमळा त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेली. आयुष्यात ती या थोरल्या दिरांशी एकटी कधी बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं की प्रेसिडेंटच्या शब्दावाचून पोलीस येतीलच ना, घरच्या माणसांनी मागितले तर? आप्पा चपापले. येतील, ते म्हणाले, पण दत्तू जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

"मी मागवले म्हणून सांगेन."

आप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. श्याम मिठागरावर जायला निघाला तेव्हा आप्पांनीच त्याला अडवलं नव्हतं, जाऊ दे, दोन दिवसांनी जोर ओसरेल म्हणाले होते. त्याचं त्यांना काय वाटतं हे कमळाला कधी कळलं नव्हतं. आता त्यांचे डोळे भरून आल्यासारखे दिसले, की उन्हानं दिपले होते, तिला सांगता आलं नसतं. ते फाटक लोटून निघून गेले.

ती घरात आली आणि तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. भीती होती तिथंच होती. उलट आता तिला पाय फुटले होते. फौजदारांच्या कचेरीकडून ती एकेक पाऊल घराकडे चालत येत होती, आणि तिला बोलावणारी आपणच होतो. जेवणं झाली नव्हतीच. वहिनींनी मुलांना मागल्या दारानं शेजारी पाठवलं. रस्त्यानं कोणी चाललं तरी सगळ्यांच्या माना वर होत. एकदा नारळ पडला तर गोदूआत्या किंचाळल्या.

ऊन कलायला लागलं आणि बुटांचा आवाज आला.

पोलीस आणि त्यांच्यापुढे जमादार. बरोबर आप्पा. पोलीस फाटकाच्या दोन्ही अंगांना, चिऱ्याच्या गडग्याला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी बंदुका पायाशी टेकवल्या. भाऊजी ओसरीवरून खाली धावले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आप्पा, हे काय केलंत?"

"त्यांनी नाही," कमळा म्हणाली. "मी मागवले."

भाऊजींनी रागवावं असं तिला फार वाटलं; पण ते जमादाराकडे वळले आणि प्रेसिडेंट या नात्यानं परत जायला सांगू लागले. जमादार बापडा वयस्कर होता, अदबीनं बोलत होता. त्यानं सांगितलं की हुकूम फौजदारसाहेबांचा आहे, साहेब फिरवतील तर फिरेल. माझ्या हाती असतं तर मीच आलो नसतो, असंही तो म्हणाला. भाऊजींनी फौजदारांकडे माणूस धाडला. पण त्याला उशीर झाला होता. खालच्या वळणावरून माणसं येताना दिसत होती.

ती माणसं ओरडत नव्हती, हेच जास्त भयंकर होतं. पुरुष पुढे, त्यांच्यात काही बायका, आणि सगळ्यांच्या चालीत प्रेतामागून चालतात तसं काहीतरी. बंदुका पाहिल्यावर पुढची रांग थबकली. मग मागून रेटा आला आणि पहिला आवाज फुटला: विष घालणाऱ्याला बाहेर काढा. त्यापाठोपाठ पुष्कळ आवाज. जमादारानं हात वर केला आणि कोणी पुढे सरकलं तर परिणाम वाईट होईल असं सांगितलं. पोलिसांनी बंदुका हातात घेतल्या.

कमळानं ते दृश्य कधी पाहिलेलं नव्हतं. मिठागरावर ती नव्हती. तिनं नुसतं ऐकलं होतं, आणि ऐकून ऐकून इतकी वर्षं ते मनात घडवलं होतं. आता ते अगदी तसंच समोर होतं. फक्त या वेळी आपण बंदुकांच्या मागे उभ्या आहोत, हे तिला दिसलं.

पुढच्या रांगेत येसूबाई होती. गंगाची आई. तिचे केस सुटले होते.

कमळा ओसरीच्या पायऱ्या उतरली. वहिनींनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला असावा. पुढे तिला ते आठवलं नाही. ती दोन पोलिसांच्या मधून फाटकाबाहेर गेली आणि येसूबाईच्या समोर उभी राहिली.

"मास्तरीणबाय," येसूबाई म्हणाली, "माजी गंगा तुमच्या शाळंत येयाची. ती गेली. तुमी आला नाय."

गर्दी ऐकायला गप्प झाली. कमळाला काहीतरी चांगलं बोलता आलं असतं. शाळा बंद होती, साथीत जायला मनाई होती. दोन्ही खरं होतं.

"भ्याले," ती म्हणाली. "रोगाला भ्याले, आणि तुम्हालाही भ्याले."

"मंग आता कशाला आलाव?"

"त्या बंदुका मी बोलावल्यात म्हणून. आमच्या भाऊजींनी नाही, मी. माझा नवरा असल्याच बंदुकीनं गेला. त्या दिवशी दगड एकच पडला होता म्हणतात. येसूबाई, यांना दगड मारू देऊ नका."

ती हे म्हणत असतानाच मागून दगड आला. तो तिला लागला नाही. भाऊजी तिच्यामागून केव्हा बाहेर आले होते तिला ठाऊक नव्हतं. ते गुडघ्यावर खाली बसलेले तिला दिसले आणि त्यांच्या बोटांमधून रक्त खाली येत होतं. जमादार ओरडला. बंदुका खांद्याला लागल्या. भाऊजी बसल्या जागेवरून "माझ्या जबाबदारीवर खाली घ्या" असं म्हणत होते, पण त्यांच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हता.

तेवढ्यात आप्पा पुढे आले. जाड अंगाचे, रेशीमकाठी उपरणं घेतलेले आप्पा, ज्यांना अंगणात चालतानाही धाप लागे. ते सरळ बंदुकांच्या नळ्यांपुढे येऊन उभे राहिले, हात पसरून, पाठ खारव्यांकडे आणि छाती पोलिसांकडे.

"जमादार," ते म्हणाले, "घरची सून आहे तिथं."

जमादार थांबला. मग येसूबाई मागे वळली आणि आपल्याच माणसांवर तुटून पडली. दगड कोणी मारला त्यानं पुढे यावं, माझी पोर गेलीय, तुझी नाही गेली, असं काय काय ती बोलत होती. तिच्या त्या बोलण्यानं गर्दीतली हवा गेली. कोणी खाली बघू लागलं, कोणी बायकांना मागे घेऊ लागलं. जमादारानं हात खाली केला. बंदुका उतरल्या.

येसूबाई परत कमळाकडे आली आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलली.

"गंगाला रोग आदल्या रातीच लागला व्हता. औषध मागनं पडला. मला ठाव हाय."

"मग सांगितलं का नाहीत यांना?"

"कोनावर तरी राग काढाया नको?"

पुढचं बोलणं भाऊजींनी केलं, डोक्याला उपरणं गुंडाळून, फाटकाच्या खांबाला टेकून. औषध पुन्हा टाकावंच लागेल हे त्यांनी सोडलं नाही. नळाचा ठराव येत्या सभेत आणीन, आणि तो झाला नाही तर मी खुर्चीवर राहणार नाही, असं सांगितलं. म्हाताऱ्या खारव्यांनी आपसांत बोलून एक गोष्ट मागितली. उद्या औषधाबरोबर पोलीस येता कामा नयेत. आणि या घरातलं कोणीतरी वस्तीत येऊन बसलं पाहिजे, पाणी निवळेपर्यंत.

"मी येतो," भाऊजी म्हणाले.

"तुमी नको," येसूबाई म्हणाली. "मास्तरीणबाय येवंदेत."

माणसं गेली, मागून पोलीस गेले. संध्याकाळी डॉक्टर भाऊजींच्या डोक्याला टाके घालून गेले. आप्पा त्या दिवशी मिरजोळ्याला परतले नाहीत. ते ओसरीवर बसून राहिले, आणि ज्या आनंदीवहिनी सकाळी त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या त्यांनी त्यांच्यासाठी मऊ भात केला. कमळाशी मात्र वहिनी बोलेनात. पोलीस आले नसते तर दगड आला नसता, असं त्या गोदूआत्यांना म्हणाल्या, कमळाला ऐकू जाईल अशा बेतानं.

कमळा भाऊजींच्या खोलीत पाणी घेऊन गेली. ते जागे होते. तिला वाटलं होतं ते तिला दोष देतील किंवा क्षमा करतील. दोन्हींची तिनं तयारी केली होती.

"मीही भ्यालो होतो," ते म्हणाले. "सकाळपासून. बोलत होतो ते भीती दबावी म्हणूनच असेल."

"मग तसं सांगायचं होतं."

"प्रेसिडेंटनं?"

"घरात तुम्ही प्रेसिडेंट नाही." कमळानं फुलपात्र त्यांच्या हाताशी ठेवलं. तिला राग आला होता, आणि तो आल्यावर बरं वाटलं. "भाऊजी, तुमचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हाही पटलं होतं. पण लोकांना विचारल्यावाचून सरकारनं काही करू नये असं तुम्ही सगळ्या गावाला सांगता. या घरात आम्ही बायका होतो, मुलं होती. आमचा जीव पणाला लावताना आम्हाला विचारलंत कुठं? मत नाही बदललं म्हणून निरोप पाठवलात. तोही वहिनींजवळ."

भाऊजींनी फुलपात्र उचलून दोन घोट घेतले. बाहेर आप्पा खोकले.

"उद्या तू जाऊ नयेस असं मला वाटतं," भाऊजी म्हणाले. "पण हे माझं वाटणं झालं. तुला काय वाटतं?"

"भीती वाटते."

"मग?"

"जाईन."

सकाळी ती निघाली तेव्हा डोक्याला पट्टी बांधलेला सखाराम बादली घेऊन फाटकात उभा होता. त्याचीही पावलं जड होती. वहिनी बाहेर आल्या नाहीत. आप्पा वळणापर्यंत बरोबर आले आणि तिथंच उभे राहिले.

खारवीवाड्यात दारं अर्धी लावलेली होती. वाळत घातलेल्या जाळ्यांच्या आडून माणसं बघत होती. सगळीकडे मासळीचा आणि चुन्याचा वास होता. कमळानं कोणाकडे न बघता चालायचं ठरवलं होतं, पण गंगाचं घर कुठलं हे तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा एका दाराशी थांबून विचारावं लागलं. आतल्या बाईनं हातानं दाखवलं. तेवढ्यात येसूबाईच पुढे आली.

ती कमळाशी बोलली नाही. सखारामच्या हातातली बादली तिनं काढून घेतली. सखारामनं प्रेसिडेंटच्या भावजयीकडे पाहिलं. येसूबाई बादली घेऊन विहिरीपाशी गेली, काठावर उभी राहिली आणि एकदा वस्तीकडे बघून तिनं ते लाल पाणी आत ओतलं. मग बादली पालथी घातली आणि विहिरीच्या पायरीवर पाय पसरून बसली.

"उद्या उजाडस्तवर हितला पानी कोनी काढायचा नाय," ती मोठ्यानं म्हणाली.

कोणी काढलं नाही. एक पोरगी कळशी घेऊन आली, येसूबाईकडे पाहून आल्या वाटेनं मुकाट परत गेली. सखाराम वरच्या आळीतून पाण्याची गाडी आणायला गेला.

कमळा येसूबाईशेजारी पायरीवर बसली. चिरा तापायला लागला होता. थोड्या वेळानं येसूबाई गंगाविषयी बोलू लागली. तिला कविता पाठ यायच्या, त्या ती होडीत बसून बापाला म्हणून दाखवायची. कमळानं विचारलं, कुठली कविता. येसूबाईला सांगता येईना. नुसती चाल तेवढी तिला येत होती, ती तिनं गुणगुणून दाखवली, आणि कमळानं तिला शब्द सांगितले.